फॉरमॅट मारण्याआधी...

होस्टेलवर कुणी नवा मदरबोर्ड आणला, की शेजारच्या रूममधले तज्ज्ञ एकच औषध सांगतात, "फॉरमॅट मार!" मित्रहो, हे औषध आता जुनं झालं. एक्सपीच्या काळी ठीक होतं. तेव्हा बोर्ड बदलला, की डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर जुळायचा नाही आणि निळा पडदा यायचा. विंडोज १० आणि ११ मात्र पहिल्या बूटलाच नवं हार्डवेअर ओळखून बहुतेक ड्रायव्हर आपणच बसवतात. लिनक्सवाल्यांचे तर बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. मग सबमिशनच्या आठवड्यात मॅटलॅब, कॅड नि कम्पायलर परत बसवत रात्री का जागायच्या?

लोक खरे अडकतात ते चावीपाशी. बिटलॉकर चालू असेल तर त्याची चावी जुन्या बोर्डावरच्या टीपीएमशी बांधलेली असते. नवा बोर्ड ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर प्रोजेक्ट, रिपोर्ट, सगळं कुलुपात! म्हणून स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी की कागदावर लिहून घ्या. (ती त्याच डिस्कवर सेव्ह करणारे महाभागही असतात.) ॲक्टिव्हेशनसुद्धा बोर्डाशी बांधलेलं, तेव्हा लायसन्स आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा. मशीनसोबत आलेली ओईएम कॉपी असेल तर मात्र नवं लायसन्स घेणं आलं.

बॅकअप हवाच, तो काय फॉरमॅट मारतानाही लागतो. लॅबमधल्या सरांनाही विनंती आहे: पीसी बदलताना जुनी डिस्क पुसण्याआधी एकदा नव्या मशीनला लावून तर बघा!