रूट कॅनलनंतर दात काळवंडला तर...

गेल्या महिन्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी रक्तदाब तपासण्यासाठी आल्या होत्या. बोलताना त्या सारखा पदर तोंडाशी नेत होत्या. तीन वर्षांपूर्वी रूट कॅनल झालेला समोरचा दात काळवंडला होता. "डॉक्टर, आतून सडला असणार. काढूनच टाकते," त्या म्हणाल्या. सूनबाईंचेही मत तेच. वेदना नव्हती, सूज नव्हती. मी त्यांना आधी दंतवैद्यांकडे एक्स-रेसाठी पाठविले. दात शाबूत होता. काळेपणा आतील सिमेंटचा होता.

मुळाला पडलेले छिद्र बुजविण्यासाठी किंवा मुळाचे टोक बंद करण्यासाठी 'एमटीए' नावाचे सिमेंट वापरतात. १९९०च्या दशकात अमेरिकेतील लोमा लिंडा विद्यापीठात डॉ. महमूद तोराबिनेजाद व सहकाऱ्यांनी ते विकसित केले. बांधकामातील पोर्टलँड सिमेंटशी त्याचे जवळचे नाते आहे. ओलाव्यातही ते पक्के होते, हा त्याचा मोठा गुण. मात्र एक्स-रेमध्ये दिसावे म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड घालतात, आणि रंगाची गोम तिथेच आहे. नलिका निर्जंतुक करणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटशी त्याचा संयोग झाला की ते गडद तपकिरी वा काळे पडते. सिमेंटमध्ये रक्त मुरले तरीही रंग बदलतो. राखाडी एमटीएनंतर पांढरे आले. पण त्यातही बिस्मथ असल्याने तेही काळवंडू शकते.

म्हणूनच अलीकडील अनेक सिमेंटांत बिस्मथऐवजी झिर्कोनियम किंवा टँटलम ऑक्साइड असते व त्यांचा रंग अधिक टिकतो. सिमेंट भरण्यापूर्वी हायपोक्लोराइट नीट धुऊन काढणे, रक्तस्राव थांबविणे आणि शक्य तेथे सिमेंट हिरडीच्या रेषेखाली ठेवणे, ही काळजीही तितकीच मोलाची. समोरच्या दाताचे रूट कॅनल ठरले असेल, तर "या सिमेंटने दात काळा पडेल का?" असे दंतवैद्यांना निःसंकोच विचारावे.

दात आधीच काळवंडला असल्यास आतून ब्लीचिंग करता येते किंवा त्यावर आवरण बसविता येते. अर्थात प्रत्येक काळेपणा सिमेंटचाच नसतो. नवी कीड किंवा आत राहिलेले मृत ऊतकही कारण असू शकते. त्यामुळे तपासणी हवीच. वेदना, सूज, पू किंवा दात हलणे यांपैकी काही आढळल्यास विलंब करू नये.

वडीलधाऱ्यांचा दात केवळ रंगासाठी काढण्याची घाई नको. रक्त पातळ करणारी किंवा हाडांच्या ठिसूळपणासाठीची बिस्फॉस्फोनेट औषधे चालू असतील, तर दात काढण्यात जोखीम असते. दुसऱ्या प्रकारात जबड्याची जखम भरून न येण्याचा धोका संभवतो. औषधांची यादी सोबत न्यावी, मात्र कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये.

आजींच्या दाताचे आतून ब्लीचिंग झाले. परवा त्या आल्या, तेव्हा पदर खांद्यावरच होता.