दाबलं म्हणून हरवत नाही!

'कॉम्प्रेस केलं म्हणजे क्वालिटी गेलीच!' होस्टेलवर गाण्यांचा विषय निघाला की कोणीतरी हे वाक्य टाकतंच. एमपी३ पुरतं ते बरोबरही आहे, कारण कानाला कळणार नाही असा वाटणारा भाग एमपी३ चक्क फेकून देतो. पण सगळंच कॉम्प्रेशन तसं असतं, असं इंजिनिअरिंगच्या मुलांनी तरी म्हणू नये ना!

घरच्या विजेच्या मीटरचं घ्या. दर महिन्याला ४५३१२, ४५४०५ असे लांबलचक आकडे लिहिण्याऐवजी पहिलं रीडिंग लिहायचं आणि पुढे फक्त 'किती वाढलं' तेवढंच. जागा कमी लागते, पण एक युनिटही हरवत नाही. लॉसलेस कॉम्प्रेशनही असंच. मागच्या सॅम्पल्सवरून पुढच्याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज जेवढा चुकला तेवढाच फरक साठवायचा. उलटं गणित केलं की मूळचा प्रत्येक बिट परत!

याची खरी गरज पडली ती २००० मध्ये बाजारात आलेल्या डीव्हीडी-ऑडिओला. सहा चॅनेल, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. गुणाकार करून बघा, सेकंदाला १ कोटी ३८ लाख बिट होतात. आणि आवाजासाठी मर्यादा होती सेकंदाला ९६ लाखांची! शिवाय ४.७ जीबीच्या डिस्कवर जेमतेम पाऊण तास मावणार. इंग्लंडच्या मेरिडियन कंपनीचं 'मेरिडियन लॉसलेस पॅकिंग' म्हणजे एमएलपी हे यावरचं उत्तर. बॉब स्टुअर्ट, पीटर क्रेव्हन आणि मायकेल गर्झन ही त्यामागची मंडळी. गर्झन १९९६ मध्येच गेले, ती डिस्क त्यांना बघायलाच मिळाली नाही.

मला यात सगळ्यात आवडतो तो बफर. ड्रम, झांजा सगळं एकदम वाजलं की अंदाज फसतो, फरकाचे आकडे मोठे होतात आणि ९६ लाखांची हद्द ओलांडली जाते. म्हणून शांत भाग चालू असतानाच पुढच्या गोंगाटाचा डेटा आधी आणून ठेवायचा. लग्नात पाहुणे पंगतीला बसायच्या आधीच पानं मांडून ठेवतात, तसं. किती साधी आयडिया आहे!

आता माझी तक्रार. कॉम्प्रेशन फार प्रामाणिक असतं. ज्यात काही पॅटर्न आहे ते लहान होतं, निव्वळ नॉइज मात्र काही केल्या दबत नाही. २४ बिट म्हणजे कागदावर १४४ डेसिबल, पण चांगले चांगले कन्व्हर्टरसुद्धा १२० च्या आसपास दमतात. म्हणजे खालचे तीन-चार बिट ही सर्किटची खरखर, आणि बिचारं एमएलपी तीही इमानेइतबारे जपतं! मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक चाचणी छापली. हाय-रिझोल्यूशन डिस्कचा आवाज सरळ ऐकवायचा, नाहीतर मध्ये साध्या सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवायचा, आणि ओळखायला सांगायचं. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं जवळजवळ निम्मी. छापा-काटाच की! काही डिस्कचं मूळ रेकॉर्डिंगच त्या दर्जाचं नव्हतं, असं टीकाकार म्हणाले. असेलही. पण मग गिऱ्हाइकाला विकलं काय?

वर कुलपं! डीव्हीडी-ऑडिओला कॉपी-प्रोटेक्शन, आणि एमएलपीचा ट्रॅक साध्या डीव्हीडी प्लेयरवर वाजायचा नाही. सोनी-फिलिप्सच्या एसएसीडीचं लॉसलेस कॉम्प्रेशन वेगळंच, तिचा प्लेयरही वेगळा. या दोघांची मारामारी चालू असतानाच, २००१ मध्ये जॉश कोलसनने फ्लॅक फुकट, सोर्स कोडसकट देऊन टाकलं. आज डीव्हीडी-ऑडिओ बाजारातून गेली आहे, एमएलपी ब्लू-रेवरच्या डॉल्बी ट्रूएचडीच्या पोटात सिनेमांचे स्फोट सांभाळतंय, आणि फ्लॅक फोनवरसुद्धा वाजतं. डिस्क बुडाली याचा दोष कॉम्प्रेशनवर ढकलू नका. अल्गोरिदमने आपलं काम चोख केलं होतं. ऐकणाऱ्यालाच चोर समजून कुलपं लावणाऱ्यांनी घोळ घातला.

होस्टेलवर अजूनही कोणाला पटत नसेल तर सीडीवरचं एक गाणं वेव्ह फाईलमध्ये काढा, फ्लॅक करा, परत उलगडा आणि दोन्हींतला डेटा बिट-बिट ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. फरक सापडला तर चहा माझ्याकडून.