जत्रेतली सुई

गेल्या महिन्यातल्या तुमच्या पत्रांत एक पत्र वहीचं पान फाडून लिहिलेलं होतं. 'नाव-गाव छापू नका' असं लिहिणाऱ्यानं वरही बजावलंय आणि खालीही. म्हणून ते सांगत नाही. पण त्यातला प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या उपयोगाचा आहे, तेव्हा आजचं पान त्यालाच देऊन टाकतो.

मुलगा दहावीत गेलेला. चैत्रातल्या जत्रेत तो, त्याचे दोन मित्र आणि एक आतेभाऊ असे चौघे गोंदवून घ्यायला बसले. बॅटरीवर चालणारं मशीन, सुई एकच, आणि शाई बाटलीच्या एका झाकणात ओतलेली. एकाचं झालं की गोंदणारा सुई फडक्याला पुसायचा आणि पुढच्याचा हात धरायचा. आपल्या या दोस्ताचा नंबर चौथा. त्यानं दंडावर 'आई' अशी अक्षरं गोंदवून घेतली. पुढे महिन्याभरानं कुणीतरी सांगितलं, 'अशा सुईनं एड्स होतो.' झालं! तेव्हापासून झोप उडालीय. भर मे महिन्यात स्वारी लांब बाह्यांचा शर्ट घालून हिंडतेय, कारण घरी सांगितलेलं नाही. आईचं नाव दंडावर, आणि लपवायचं कोणापासून, तर आईपासूनच!

पत्राचा शेवट असा होता : 'आतेभाऊ अठरा पूर्ण आहे. तो म्हणतो, रविवारी रक्तदान शिबिर आहे, मी रक्त देतो. तिथं रक्त फुकट तपासतात. मला काही निघालं नाही तर तुलाही काही नाही. घरी कळायला नको. आयडिया बरोबर आहे ना?'

ही ओळ वाचली आणि हातातला चहा तसाच ठेवून मी आधी चार ओळी लिहिल्या नि स्पीड पोस्टानं धाडल्या : 'आतेभावाला शिबिराला जाऊ देऊ नकोस. बाकीचं सविस्तर नंतर.' ते सविस्तर आता सांगतो.

रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी तपासणी होते : एच.आय.व्ही., हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, उपदंश म्हणजे गरमी, आणि मलेरिया. मग आतेभावाचं चुकलं कुठं? ऐका. विषाणू शरीरात शिरला की लगेच तपासणीत सापडत नाही. एच.आय.व्ही.च्या साध्या तपासणीत आपण विषाणूला शोधतच नाही. त्याच्याशी लढायला शरीरानं जी प्रतिपिंडे तयार केली, ती शोधतो. ती तयार व्हायला काही आठवडे जातात, कुणाकुणाला तीन महिने. या मधल्या काळाला 'विंडो पिरियड' म्हणतात. या काळात अहवाल येतो 'निगेटिव्ह', आणि विषाणू मात्र रक्तात असतो. अशा वेळी रक्त दिलं तर ती पिशवी तपासणीतून निसटून एखाद्या बाळंतिणीला किंवा अपघातातल्या माणसाला चढू शकते. म्हणून तर गोंदवून घेतलेल्या माणसाकडून वर्षभर रक्त घेत नाहीत. शिबिरात तसा प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तर खरं द्यायचं असतं. शिवाय एकाचा अहवाल दुसऱ्याला लागू पडत नाही, हे तर उघडच आहे. पेपर एकानं द्यायचा आणि मार्क दुसऱ्यानं घ्यायचे, असं कुठं असतं का?

आता मूळ भीतीकडे येऊ. एच.आय.व्ही.ला माणसात शिरायला मोजकेच रस्ते आहेत. एक, लागण झालेल्या व्यक्तीशी निरोध न वापरता आलेला लैंगिक संबंध. दोन, तिचं रक्त सुईवाटे किंवा पिशवीतून दुसऱ्याच्या रक्तात जाणं. तीन, आईकडून बाळाला, पोटात असताना, जन्मताना किंवा अंगावरच्या दुधातून. बस्स. एका ताटात जेवणं, एकाच पेल्यातलं पाणी पिणं, मिठी मारणं, संडास, पोहण्याचा तलाव, यांतून ही लागण होत नाही.

'मग डास?' हा प्रश्न मला प्रत्येक शाळेत हमखास येतो, आणि प्रश्न हुशारीचा आहे. डास रक्त ओढतो एका नळीनं आणि आपली लाळ सोडतो दुसऱ्या नळीनं. आधीच्या माणसाचं रक्त तो पुढच्याला टोचत नाही. मलेरियाचा परजीवी डासाच्या अंगात वाढून त्याच्या लाळेपर्यंत पोचतो. एच.आय.व्ही.ला ते जमत नाही, तो डासाच्या पोटात पचून जातो.

सुईचं मात्र तसं नाही. तिच्यावर राहिलेलं रक्त पुढच्याच्या कातडीखाली जाऊ शकतं. फडक्यानं पुसून ते जात नाही, आणि झाकणातल्या शाईत तर चौघांच्याही रक्ताचा अंश मिसळलेला असू शकतो. आपल्याकडे सुई बदलायला सांगणारे लोक भेटतात. शाई वेगळी घ्या म्हणणारा अजून मला भेटायचाय.

पण धोका किती? इस्पितळात एच.आय.व्ही. असलेल्या रुग्णाला टोचलेली सुई चुकून नर्सच्या बोटात गेली, तर अशा साधारण ३०० प्रसंगांत एकदा लागण होते. आणि त्यासाठी आधीच्या माणसाला एच.आय.व्ही. असावा लागतो. आपल्या देशात मोठ्या माणसांत हे प्रमाण हजारी दोनच्या आसपास आहे. तेव्हा आपल्या दोस्ताला एच.आय.व्ही. झाला असण्याची शक्यता फारच थोडी आहे. शून्य मात्र मी म्हणणार नाही.

खरं सांगू? त्याला ज्याची भीती वाटत नाही, त्याची मला जास्त काळजी आहे. हेपॅटायटिस बी! गावाकडे काही जण हिला पांढरी कावीळ म्हणतात. लस न घेतलेल्या नर्सला अशी सुई लागली तर शंभरात ६ ते ३० वेळा लागण होऊ शकते. एच.आय.व्ही. शरीराबाहेर फार टिकत नाही, पण हा बहाद्दर वाळलेल्या रक्ताच्या डागातही निदान ७ दिवस तग धरतो. म्हणून दुसऱ्याचं ब्लेड, टूथब्रश, कान टोचायची सुई वापरायची नसते. न्हाव्याकडे गेलात तर नवं ब्लेड तुमच्यासमोर लावायला सांगा. त्यात लाजायचं काय? हा विषाणूही लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला जातो.

याच्या शोधाची गोष्ट मजेची आहे. अमेरिकेतले बारूक ब्लुमबर्ग १९६०च्या दशकात जगभरच्या लोकांच्या रक्तातले फरक अभ्यासत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन मिळालं. त्याचं नाव पडलं 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. पुढे कळलं, की हे तर बी विषाणूच्या वरच्या आवरणाचं प्रथिन! १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि याच प्रथिनापासून लस निघाली. आजही एखाद्या जुन्या लॅबच्या कागदावर 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' असं लिहिलेलं दिसतं, तेव्हा घाबरू नका. ती हेपॅटायटिस बी.चीच तपासणी.

मोठ्या माणसांत शंभरातले पंचाण्णव जण या विषाणूला आपले आपण हुसकावून लावतात. तान्ह्या बाळांचं उलट असतं. जन्मताना लागण झालेल्या शंभरातल्या नव्वदांच्या यकृतात तो कायमचा मुक्काम ठोकतो. म्हणून पहिला डोस जन्मल्यावर २४ तासांच्या आत देतात. २०११ पर्यंत ही लस देशभरच्या सरकारी लसीकरणात आली. तेव्हा तुमच्यापैकी काहींनी घेतली असेल, काहींची राहूनही गेली असेल. कपाटातल्या फाइलीत तुमचं लसीचं कार्ड असेल, ते काढून पाहा. नसेल घेतली तर आताही घेता येते. कावीळ मंतरून किंवा हात चुन्याच्या पाण्यात घालून 'उतरवण्यात' दिवस घालवू नका. हेपॅटायटिस बी.मध्ये पुष्कळांना कावीळ दिसतच नाही, मग उतरवणार काय?

पत्रात आणखी एक वाक्य होतं : 'हे रोग वाईट चालीच्या माणसांना होतात ना? मी तर तसलं काही केलं नाही.'

यावर थोडं थांबायला हवं. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपल्या निर्मला नावाच्या विद्यार्थिनीला एक काम दिलं, आपल्याकडे एच.आय.व्ही. आहे का ते शोधायचं. सुनीतीताई मराठी घरातल्या, माहेरच्या गायतोंडे. निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमवले, घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि रात्रीच्या गाडीनं वेल्लोरच्या इस्पितळात तपासायला नेले. भारतातले पहिले एच.आय.व्ही.चे रुग्ण असे सापडले. त्यानंतर बरीच वर्षं लोक म्हणत राहिले, हा 'त्या' बायकांचा रोग. मग १९९७ साली पुण्याच्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. (हो, तेच. २०२० साली कोरोनाची माहिती टीव्हीवर सांगायचे ते.) दवाखान्यात आलेल्या ज्या लग्न झालेल्या स्त्रियांचा नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध आला नव्हता, त्यांच्यातही एच.आय.व्ही. सापडला होता. आता त्यांना काय म्हणणार? विषाणू चारित्र्याचा दाखला मागत नाही. आणि ज्यांना लैंगिक संबंधातून लागण झाली, त्यांनाही दवाखान्यात मान वर करून येता आलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. लाजेपायी उशीर होतो आणि उशिरामुळेच माणसं जातात.

उपदंशाचंच पाहा. सुरुवातीला जननेंद्रियावर एक फोड येतो. दुखत नाही, औषध न घेता आपोआप बरा होतो. माणूस म्हणतो, सुटलो! जंतू आतच असतात, आणि पुढे कैक वर्षांनी हृदयाला, मेंदूला धरतात. पण वेळेत आलं तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनानं तो खडखडीत बरा होतो. हे १९४३ पासून माहीत आहे. तेव्हा त्या जागी फोड आला, लघवीला जळजळ झाली, पू दिसला, तर मेडिकलच्या दुकानातून मलम आणून लावत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. आम्ही रोज पाहतो ते, आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

बाकीच्यांचं औषध? हेपॅटायटिस सी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या ९५ हून अधिक जणांचा पुरता बरा होतो. या गोळ्या सरकारी कार्यक्रमात २०१८ पासून मोफत आहेत. बी जुनाट झाला तर गोळ्यांनी दबून राहतो. एच.आय.व्ही. शरीरातून हद्दपार करणारं औषध अजून निघालेलं नाही, पण त्याला झोपवून ठेवणारं आहे. २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून ते मोफत मिळू लागलं. माझ्या ओळखीचा एक रिक्षावाला कितीतरी वर्षं रोज रात्री न चुकता गोळी घेतो. त्याच्या रक्तात आता विषाणू मोजता येण्याइतकाही सापडत नाही. असं झालं की लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही. बायको ठणठणीत आहे, मुलगी यंदा बारावीला आहे, आणि रिक्षा मात्र सारखी बिघडते.

आता, दोस्ता, हे फक्त तुझ्यासाठी. जत्रेनंतर ७२ तासांच्या आत आला असतास तर एच.आय.व्ही. टाळायच्या २८ दिवसांच्या गोळ्यांचा विचार करता आला असता. (बाकीच्यांनी हा आकडा ध्यानात ठेवा. आणि जितकं लवकर याल तितकं बरं.) ती वेळ गेली, तर गेली. आता जिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात 'आय.सी.टी.सी.' अशी पाटी असलेली खोली शोध. तिथं तपासणी मोफत होते, समुपदेशक आधी नीट बोलतात आणि अहवाल गुप्त ठेवतात. एकदा आता तपास, आणि जत्रेला तीन महिने पूर्ण झाले की पुन्हा एकदा. दुसरी तपासणी चुकवू नकोस, खरा निकाल तिचाच. त्याच वेळी बी आणि सी या दोन्ही काविळींच्या तपासण्याही करायला सांग, आणि बी.ची लस झाली नसेल तर ती सुरू कर. तुझ्या दोन्ही मित्रांना आणि आतेभावालाही ने. १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं, नाव सांगावं लागत नाही.

एक अडचण आहे. तू अठरा वर्षांखालचा, त्यामुळे एच.आय.व्ही.च्या तपासणीला आई-वडलांची संमती लागते. २०१७ चा कायदाच तसा आहे. म्हणजे घरी सांगावं लागणार. ओरडा बसेल, तो मी टाळू शकत नाही. पण गेले कित्येक दिवस तू एकट्यानं जे ओझं वाहतोयस, त्यापेक्षा ओरडा हलका, हे मी अनुभवानं सांगतो. मीही एकदा असाच एक कागद वडलांपासून लपवला होता. त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी.

संध्याकाळी आई जरा निवांत बसली की तिच्याजवळ जा. आधी बाही वर करून अक्षरं दाखव, आणि मग सुईचं सांग. दुसरा अहवाल आला की मला दोन ओळी टाक. नाव लिहू नकोस हवं तर, अक्षर ओळखीचं झालंय.