आकडे राहू द्या, सोबती सांभाळा

‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम २०२३ साली आला. त्याचं कौतुक कानावर पडल्यावर आपल्या सुकापुरातल्या कुणालाही तो खेळावासा वाटेल. पण त्याला दीडशे जीबी जागा आणि तगडं ग्राफिक्स कार्ड लागतं. ते परवडत नसेल तर हिरमुसू नका. याच मालिकेचा पहिला भाग डिसेंबर १९९८चा आहे, कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा. तो २०१२ साली सुधारून पुन्हा निघाला. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर आणि अँड्रॉइड टॅबवरही तो नीट चालतो. मी तर म्हणेन, सुरुवात त्यानेच करा. फक्त तो बसवण्याआधी माझं थोडं ऐका.

सगळ्यात आधी पात्र बनवायचं असतं, आणि बहुतेक जण तिथेच अडकतात. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा आकडे फासे टाकून ठरतात. आवडले नाहीत तर ‘रीरोल’ दाबा, पुन्हा नवे आकडे. हे बटण कितीही वेळा दाबता येतं, म्हणून बेरीज नव्वदीच्या पुढे जाईपर्यंत लोक संध्याकाळभर तेच करत बसतात. कृपा करून तसं करू नका. ऐंशीच्या आसपास बेरीज आली की पुढे चला.

आकडे कुठे घालायचे, याचं गणित सोपं आहे. लढवय्याला, म्हणजे फायटरला, ताकद, चपळाई आणि काटकपणा द्या. मेजला, म्हणजे जादूगाराला, बुद्धी आणि चपळाई. काटकपणा १८ ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण मेज किंवा थीफला १६च्या पुढे एकही जादा हिट पॉइंट मिळत नाही. तो फायदा फायटर, रेंजर आणि पॅलाडिनचा. चपळाई मात्र कुणालाही कामाची. आणि चिलखताचा आकडा, आर्मर क्लास, इथे जितका कमी तितका चांगला, हे लक्षात असू द्या. नवा माणूस हमखास उलटं धरून चालतो. पहिल्यांदाच खेळत असाल तर सरळ फायटर घ्या, हातात धनुष्य द्या. सुरुवातीला धनुष्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

खरा खेळ आहे तो सोबत्यांचा. तुम्ही धरून सहाच जण. गोविंदा पथकात सगळेच खालच्या थराचे पैलवान भरले तर हंडीपर्यंत हात कोण पोचवणार? पुढे उभे राहणारे दोघे-तिघे, सापळे आणि कुलपं बघणारा एक थीफ, जखमा भरणारा एक, आणि एक मेज, एवढं जमलं की पार्टी झाली.

हे सगळं का महत्त्वाचं, ते सुरुवातीच्या फ्रेंडली आर्म इन या सराईच्या पायऱ्यांवर कळतं. आत खालिद आणि जाहेरा हे दोन सोबती तुमची वाट बघताहेत, आणि दारात टार्नेश नावाचा जादूगार उभा. तुमचं नाव कळलं की तो मंत्र सुरू करतो. आधी स्वतःची प्रतिबिंबं उभी करतो, मग भीतीचा मंत्र टाकतो, आणि तुमची माणसं वाट फुटेल तिकडे पळत सुटतात. कित्येकांचा खेळ इथेच संपतो. स्पेसबार दाबून खेळ थांबवा. सगळ्यांना एका जागी ठेवू नका, पांगवा. तुमची सोबतीण इमोएन तुमच्यात आली तेव्हा तिच्याजवळ मॅजिक मिसाइलची कांडी होती, ती वापरा. बाकीचे बाण सोडत राहू देत. मंत्र म्हणताना त्याला एक जरी घाव बसला तरी तो मंत्र फुकट जातो. तुमच्या नायकाची ताकद १५ आहे की १८, याने इथे काहीही फरक पडत नाही.

आता खालिद. बोलताना अडखळतो, लढाईत भेदरतो. पुढे नॅशकेल गावात १८/९३ ताकदीचा मिन्स्क भेटला की अनेकांना खालिद नकोसा होतो. पण तो आणि जाहेरा नवरा-बायको आहेत. एकाला काढलं की दुसराही निघून जातो. जाहेरा हवी म्हणून खालिदला मुद्दाम मरू देणारे खेळाडू आहेत. मला ते मुळीच पटत नाही. त्याला चांगलं चिलखत चढवा, ढाल द्या, पुढे उभं करा. तो टिकून राहतो.

मिन्स्कला घेतलंत तर त्याची सोबतीण, मेज डायनाहेर, हिला सोडवायला वेळ लावू नका. नोल नावाच्या राक्षसांच्या किल्ल्यात तिला कोंडलं आहे आणि मिन्स्क फार काळ थांबत नाही. त्याच नॅशकेलमध्ये एडविन हा मेजही भेटतो, त्याला डायनाहेरचा जीव हवा असतो. मेज म्हणून एडविन सरस आहे, हे खरं. तरी त्याला आणि डायनाहेरला एकत्र ठेवायच्या भानगडीत पडू नका, एक दिवस तलवारी निघतात. तुमची कीर्ती फार वाढली तर दुष्ट सोबती सोडून जातात, फार घसरली तर सज्जन जातात. म्हणून आपण कसं वागणार ते आधी ठरवा आणि त्याप्रमाणे माणसं निवडा.

यातले बरेच सोबती मुळात या खेळाचे डिझायनर जेम्स ओह्लन आणि त्यांच्या मित्रांच्या टेबलावरच्या खेळात जन्मले. त्यांच्यात इतका जीव आहे तो त्यामुळेच असावा. जाहेरा आणि मिन्स्क तर पंचवीस वर्षांनी तिसऱ्या भागातही भेटतात.

तेव्हा पहिली फेरी कुणाचं तयार ‘बेस्ट बिल्ड’ न बघता खेळा. वाटेत जे भेटतील त्यांना घ्या. कुणी मेला तर लगेच जुना सेव्ह लोड करू नका. देवळात पैसे भरून त्याला परत उठवता येतं. आणि इमोएनला शेवटपर्यंत सोडू नका. दुसऱ्या भागाची अर्धी गोष्ट तिला शोधण्याचीच आहे.