घरपट्टी व छपरावरील ऊन

सौर विजेसाठीं सरकारनें करांत सवलत दिली, असें वर्तमानपत्रांत वाचलें म्हणजे शेतकरी बंधूंनीं प्रथम एवढेंच विचारावें कीं, ही सवलत कोणत्या करांत आहे आणि तो कर आपण भरतों काय? आमची उमर महसुलाच्या दप्तरांत गेली. जो कर आपल्या नांवावर पडतच नाहीं त्यांतील सूट म्हणजे दुसऱ्याच्या ताटांतलें पक्वान्न, हें तेथें आम्हांस पुरतें कळलें.

आयकराचेंच पाहा. धंद्यासाठीं बसविलेल्या सौर सामग्रीवर शेंकडा ४० घसारा धरतां येतो. साधारण यंत्रांवर तो शेंकडा १५ असतो. एखाद्या कारखानदारानें १० लाखांची सामग्री बसविली तर पहिल्याच वर्षीं ४ लाख रुपये त्याच्या नफ्यांतून वजा होतात, व शेंकडा ३० दरानें कर भरणारास त्या वर्षीं १ लाख २० हजार रुपये कमी भरावे लागतात. शेतीचें उत्पन्न आयकरांतून मुक्त आहे, आणि तें तसेंच राहावें. परंतु त्यामुळें ही मोठी सवलत आमच्या छपरावरून तशीच पुढें निघून जाते. ज्यांची कोंबड्यांची शेड किंवा शीतगृह आहे, व जे वह्या ठेवून आयकर भरतात, त्यांनीं मात्र ती अवश्य घ्यावी. सामग्री त्या आर्थिक वर्षांत १८० दिवसांपेक्षां कमी वापरली गेली तर त्या वर्षापुरता निम्माच घसारा मिळतो. तेव्हां ऑक्टोबर उजाडण्यापूर्वीं काम उरकलेलें बरें.

शेतकऱ्याच्या दारापर्यंत खरोखर पोंचतें तें दोन वाटांनीं. सौर साहित्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा १२ वरून ५ वर आला. ही सूट न मागतां मिळते, फक्त पावती पक्की घ्यावी. दुसरी वाट फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेची. तिच्यांत पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं ३० हजार व तिसऱ्यास १८ हजार, मिळून जास्तींत जास्त ७८ हजार रुपये अनुदान ठेवलेलें आहे. एक किलोवॅट महिन्यास सुमारें १२० युनिट वीज देतो, म्हणजे तीन किलोवॅटांत घर, गोठा व कडबाकुट्टी यांचें भागावें. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचें बिल राज्य सरकारनें २०२४ पासून माफ केलें आहे. आज टोंचतें तें घरचेंच बिल.

असें असतां आमच्या गांवीं धाब्यावर प्लेटा अजून मोजक्याच दिसतात. कारण काय, तें गेल्या ग्रामसभेंत कळलें. एका वृद्ध खातेदारानें उभे राहून विचारलें, "प्लेटा बसविल्या, नि उद्यां त्यावर घरपट्टी वाढली तर?" कांहीं तरुण हंसले. आम्हांस हंसूं आलें नाहीं. नमुना ८ मध्यें आकारणी होते ती बांधकामाचें क्षेत्र, त्याचा प्रकार, वय व वापर पाहून. प्लेटांचा रकाना त्यांत नाहीं. पण रकाना नसणें आणि अभय असणें यांत अंतर आहे, व तें अंतर दप्तराबाहेरच्या माणसास अधिक जाणवतें.

आपल्या जिल्ह्याच्या विहिरींची हकीकत या ठिकाणीं आठवावी. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या अवर्षणाच्या भागांत विहीर खोदणें म्हणजे दोन पिढ्यांची पुंजी जमिनींत घालणें. पाणी लागलें कीं जिराईत जमीन बागाईत ठरून सारा वाढेल, ही धास्ती खातेदारास असेच. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यांत असें तत्त्व घातलें गेलें कीं, खातेदारानें स्वतःच्या पैशानें केलेल्या सुधारणेवरून फेरआकारणींत सारा वाढवूं नये. १८८३ च्या कायद्याखालीं विहिरीसाठीं तगाईही मिळे. तगाईनें हात दिला, आणि त्या तत्त्वानें पाठ राखली. आज अनुदानाच्या रूपानें तगाई आली आहे. अभयाचा कागद तेवढा कोणीं दिलेला नाहीं.

तो ग्रामपंचायतीच्या घरपट्टींतून मिळावा, असें आमचें मत आहे. पुणें महानगरपालिका सौर सामग्री बसविणारास सामान्य करांत शेंकडा ५ ते १० सूट देते. पंचायतींनाही सूट नवी नाहीं. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत घरपट्टी भरणारास शेंकडा ५ सूट आपण घेतोंच. कोणी म्हणेल, दीड हजारांच्या घरपट्टींत शेंकडा १० म्हणजे दीडशें रुपये. तेवढ्यासाठीं कोण प्लेटा घेईल? कोणी घेणार नाहीं, हें खरें. परंतु सूट मिळण्यासाठीं नमुना ८ मध्यें प्लेटांची नोंद होईल, आणि जी वस्तु एकदां सुटीच्या कारणास्तव नोंदली गेली तीवर उद्यां आकार बसविणें कोणत्याही ग्रामसेवकास जड जाईल. आमच्या दृष्टीनें त्या नोंदीचें मोल दीडशें रुपयांहून पुष्कळ अधिक आहे.

एक आक्षेप मात्र आम्हांस स्वतःलाच बोंचतो. ज्याचें छप्पर पत्र्याचें व कच्चें आहे तो प्लेटा कोठें ठेवणार? धाबेवाल्याच्या सुटीची तूट त्यानें कां भरावी? म्हणून सूट पांच वर्षांपुरतीच असावी, आणि ती भरून काढण्यास पंचायतीनें पाणीपुरवठ्याचा पंप व रस्त्यावरील दिवे सौर विजेवर आणून स्वतःचें बिल उतरवावें. २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आरंभ राळेगणसिद्धीस झाला; तें गांव आपल्याच जिल्ह्यांतलें आहे, जाऊन पाहण्यास एक दिवस पुरे.

येत्या ग्रामसभेंत आम्ही ठराव मांडणार आहों तो असा: "स्वखर्चानें सौर सामग्री बसविणारास पांच वर्षें घरपट्टींत शेंकडा १० सूट असावी, व त्या सामग्रीवरून घराची आकारणी कधींही वाढवूं नये, यासाठीं नियमांत तरतूद व्हावी म्हणून या ठरावाची नक्कल पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे धाडावी." वाचकांपैकीं ज्यांस तो पटेल त्यांनीं आपल्या गांवीं मांडावा, आणि नक्कल धाडल्याची पोंच मागून घेण्यास विसरूं नये.