रद्दीच्या कागदावरची शाळा



या सदरात आपण खत, पाणी, कीड आणि बियाणे यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा बाजूचा वाटेल. आज घरात साठलेल्या रद्दीविषयी आणि घरात असलेल्या मुलांविषयी बोलायचे आहे. पण लेख शेवटपर्यंत वाचा. बियाण्याची गोष्टही त्यात आहेच.

मुले घरी राहण्याचे प्रसंग आपल्याकडे थोडे नाहीत. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी तर दरवर्षीची. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की वस्तीवरची मुले दोन-दोन दिवस घरीच बसतात. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळांना कुलूप लागले, तेव्हा शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर एका फोनभोवती तीन-तीन भावंडे बसलेली मी पाहिली आहेत. फोन वडिलांच्या खिशात आणि वडील उसाच्या बारीवर, अशी गत. त्या दिवसांत पुष्कळ आयाबायांनी मला विचारले, "साहेब, आम्हाला लिहितावाचता येत नाही, पोरांना घरात शिकवायचं तरी काय?"

त्यांना मी जे सांगितले, तेच आज लिहीत आहे. घरात कागद आहे ना? मग शाळेचे निम्मे सामान आहे.

जुनी वर्तमानपत्रे, कॅलेंडरची मागची कोरी बाजू, गेल्या वर्षीच्या वह्यांतली उरलेली पाने, कपाटावर पडलेल्या लग्नपत्रिका, हे सगळे एका खोक्यात जमवा. चिकटवायला कणकेची खळ किंवा बांधावरच्या बाभळीचा डिंक चालतो. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. कीटकनाशकाची खोकी, त्यांच्यावरची लेबले आणि खताच्या गोण्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो कागद खेळायचा नव्हे.

आता एकेक खेळ सांगतो.

पहिला घडीचा. वेडावाकडा फाटलेला कागद घ्या. एकदा दुमडा. पडलेली घडी तिच्याच कडेवर आणून पुन्हा दुमडा. जो कोपरा तयार झाला तो बरोबर काटकोन. गवंड्याच्या गुण्यासारखा तो कागद घेऊन मुलांना घरभर फिरवा. दाराची चौकट काटकोनात आहे का, पाट आहे का, गोठ्याची भिंत आहे का, ते त्यांनाच तपासू द्या. भाकरीएवढा गोल कागद कापून त्याची अर्धी, पाव, आठवा हिस्सा अशी घडी घालायला लावा. अपूर्णांकाला भिणारे पोर भाकरीच्या वाटणीला भीत नाही.

हा काही मी काढलेला शोध नव्हे. मद्रासमध्ये 1893 साली टी. सुंदर राव यांनी नुसत्या कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे पुस्तक छापले आणि पुढे ते परदेशातही वाचले गेले. आपल्या पुण्यात अरविंद गुप्ता यांनी आयुका संस्थेच्या विज्ञान केंद्रात कागद, काड्या आणि टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवले. त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. शिकलेला इंजिनीअर माणूस रद्दीला कमी लेखत नाही, तर आपण का लेखावे?

दुसरा खेळ शेताच्या नकाशाचा. चौकटीच्या वहीचे पान घ्या आणि एक चौकट म्हणजे एक गुंठा असे ठरवा. गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जागा, म्हणजे 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे झाले की एक एकर. पाच चौकटी एका बाजूला आणि आठ दुसऱ्या बाजूला घेतल्या की कागदावर एकर उभा राहतो. मग मुलाला शेतात पाठवा. पावलांनी मोजू द्या, विहीर कुठे, आंबा कुठे, पाट कुठून येतो, ते काढू द्या. ऊस हिरवा, कांदा जांभळा, पड तांबडी, असे रंग भरू द्या. या नकाशावरून मुले असे प्रश्न विचारतात की बापाला सातबारा काढून बसावे लागते. जमीन कोणाच्या नावावर किती, हे घरातल्या मुलीलाही कळू द्या. तिचा हक्क तिला ठाऊक असला तर बिघडत काही नाही.

तिसरे भिरभिरे. चौकोनी कागदाला चारी कोपऱ्यांकडून मध्यापर्यंत, पण मध्य न तोडता, कापा. एक सोडून एक टोक मध्यावर वळवून आणा. बाभळीच्या काट्याने ते कडब्याच्या धांड्याला टोचा, पण काटा मोठ्या माणसाने टोचावा. भिरभिरे बांधावर रोवले की वारा कुठून येतो आणि किती जोराचा आहे हे दिसते. भिरभिरे जोरात फिरत असेल तर त्या वेळी फवारणी करू नका. एरवीही वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नका. हे सांगायला दहा वर्षांचे पोर बांधावर उभे राहिले तर माझ्यासारख्या साहेबाची गरज उरत नाही. मात्र फवारणी सुरू झाली की त्या पोराला आधी घरी पाठवा.

चौथा पानांचा संग्रह. निरनिराळी पाने आणि तणे वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर पाटा ठेवा. आठवडाभर रोज कागद बदला. वाळलेली पाने वहीत चिकटवून खाली नाव, जागा आणि तारीख लिहा. करप्याची पात, किडीने खाल्लेले पान हेही त्यात असू द्या. गाजर गवत मात्र मुलांना तोडू देऊ नका, त्याने अंगाला खाज सुटते.

पाचवा खेळ आजीने शिकवायचा. रद्दी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायची, भिजवलेली मेथी वाटून त्यात घालायची, सगळे कुटून लगदा करायचा आणि पालथ्या पातेल्यावर थापून सावलीत वाळवायचा. आपल्या आज्या अशा टोपल्या करीत आणि फुटकी सुपे अशाच लगद्याने लिंपीत. आईला अक्षर येत नसेल, पण तिला ठिपक्यांची रांगोळी येते. दुमडलेल्या कागदाला कात्री लावून तशीच नक्षी काढता येते. घडी उलगडली की दोन्ही बाजू सारख्या का आल्या, हे मुलाला विचारावे. मुलगा सांगेल आणि आई शिकेल, किंवा आई सांगेल आणि मुलगा शिकेल. दोन्ही चांगलेच.

घरच्या आणि रानातल्या वस्तूंवर शिक्षण उभे करण्याची वाट महाराष्ट्रात जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. महागडी साधने खेड्याला परवडत नाहीत हे ओळखून त्यांनी बिया, पाने, माती यांचीच साधने केली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, असे त्यांनी केले. तिला कुरणशाळा म्हणत.

आता सहावा खेळ. याला मी खेळ म्हणतो, पण याने एका शेतकऱ्याचा हंगाम वाचवला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याकडच्या एका वस्तीवर मी ठिबक पाहायला गेलो होतो. उसाला तोड आली होती आणि कडेला तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्या होत्या. एका कोपीपुढे दहा-अकरा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. आईबाप पहाटेपासून फडात होते. बीडकडची टोळी होती. वस्तीवरचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीमुळे घरी होता.

घरधनी उन्हाळ कांद्याचे रोप टाकण्याच्या तयारीत होते. मी विचारले, "दादा, बी तपासलं का?"

ते म्हणाले, "घरचं बी हाय साहेब. तपासायचं काय त्यात?"

मी त्यांच्या मुलाला हाक मारली. ती मुलगीही भावाला घेऊन जवळ आली. वर्तमानपत्राची चार पदरी घडी घातली, ओली केली आणि तिच्यावर दहा ओळींत दहा-दहा अशा शंभर बिया मांडायला लावल्या. वर दुसरा ओला कागद ठेवला. सैल गुंडाळी करून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीचे तोंड थोडे उघडे ठेवले आणि घरात सावलीला उभी केली. कागद ओला राहावा, पण पाणी साचू नये, एवढे सांगितले. कॅलेंडरच्या मागे तारखा आखून दिल्या. गहू, हरभरा, सोयाबीन यांचा हिशेब आठवडाभरात लागतो. कांद्याला बारा दिवस थांबावे लागते.

बाराव्या दिवशी मी पुन्हा गेलो. मुलाने कागदावर 52 लिहिले होते आणि मुलीने 41. दोघांचे भांडण चालले होते. मुलाने फुगलेल्या आणि बुरशी आलेल्या बियाही धरल्या होत्या. मुलगी म्हणाली, "ज्याला मूळच न्हाई, ते उगवंल कसं?"

तिचेच बरोबर होते. कांद्याच्या बियाण्याची उगवण शेकडा 70 तरी हवी. ते बी आधल्या वर्षाच्याही आधीचे निघाले. कांद्याचे बी फार टिकत नाही, वर्ष उलटले की त्याची ताकद झपाट्याने जाते. दादांनी एकराला पुरेल म्हणून तीन किलो बी ठेवले होते. ते टाकले असते तर अपेक्षेच्या जेमतेम निम्मे रोप मिळाले असते आणि ते कळेपर्यंत हंगाम निघून गेला असता. त्यांनी त्याच दिवशी ताजे बी आणायला माणूस पाठवला. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यात किती शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली ते आपल्याला आठवत असेल. पेरणीआधी एक ओला कागद पुष्कळ काही सांगून जातो.

मी मुलीचे कौतुक केले, चहा घेतला आणि निघालो. इथेच माझे चुकले. पोरीची बुद्धी माझ्या डोळ्यांपुढे होती, पण ही शाळेत का नाही, हे मी कोणालाच विचारले नाही. बी तपासले आणि माणूस तपासायचा विसरलो. मार्चमध्ये गेलो तेव्हा फड मोकळा होता. कोप्यांच्या जागी नुसते पाचट. दादांची मंडळी म्हणाली, "जाताना ती कॅलेंडरचा कागद मागून घेऊन गेली." ती सध्या कुठे आहे, मला माहीत नाही.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे आणि तो तुम्हीही करावा अशी विनंती आहे. दिवाळीच्या सुमारास टोळी आपल्या शिवारात उतरली, किंवा दौंडकडे गुऱ्हाळावर परमुलखातली कुटुंबे आली, की त्यांच्यात सहा ते चौदा वर्षांची मुले किती, ते पाहावे आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगावे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अशा मुलाला शाळेत बसण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेचा दाखला हाती नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. धाकटे भावंड तीन वर्षांचे झाले असेल तर त्याला अंगणवाडी आहे. त्याची सोय झाली की थोरलीचे हात मोकळे होतात. शाळा लांब असेल तर आपल्या पोराच्या सायकलवर मागे जागा असते.

कागदाचे खेळ शाळेची जागा घेत नाहीत, हे मी त्या पोरीकडून शिकलो. ते सुट्टीतले, पावसातले, आजारपणातले सोबती आहेत. शाळेत जाणाऱ्या मुलाची गोडी ते वाढवतात. आणि शाळेत न जाणाऱ्या मुलात काय दडले आहे, तेही दाखवतात. दाखवल्यावर पुढचे पाऊल मोठ्यांनीच उचलायचे असते.

या आठवड्यात एवढेच करा. रद्दी विकण्याआधी एक गठ्ठा मुलांसाठी बाजूला काढा. पेरायचे बी घरात असेल तर शंभर दाणे मोजून मुलांच्या हवाली करा. आणि मोजायला बसवताना कोपीवरच्या पोरालाही हाक मारा.