आगाऊ सूचना

‘आगाऊ’ हा आपल्या भाषेतला मोठा दुटप्पी शब्द आहे. भाडे आगाऊ दिले तर घरमालक प्रसन्न होतो, आणि मूल आगाऊ बोलले तर तोच घरमालक कपाळाला आठी घालतो. वैद्यकशास्त्राने अलीकडे असाच एक आगाऊ उद्योग आरंभिला आहे. आज घरात हिंडत-फिरत असलेल्या कोणत्या माणसाला येत्या वर्षभरात धावपळ करून इस्पितळात न्यावे लागेल, हे आधीच सांगून ठेवण्याचा तो उद्योग. ह्यातला आगाऊपणा पहिल्या जातीचा की दुसऱ्या, ह्याविषयी वाचकांशी दोन शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे.

प्रश्न आपल्या गावापासून दूरचा नाही. हुबळीच्या विद्यानगरात १९५७ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि त्याच्या इस्पितळाला लोक अजून ‘किम्स’ ह्याच नावाने ओळखतात. धारवाड तर जवळच; परंतु गदग, हावेरी, कोप्पळ, उत्तर कन्नड ह्या जिल्ह्यांतूनही अत्यवस्थ माणसे रात्री-अपरात्री तेथे आणली जातात. आणलेल्या माणसाच्या नातलगांजवळ बसून विचारले, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : “तीन-चार दिवस अंगावर काढले हो.” अंगावर काढणे! ह्या दोन शब्दांतच सारा विषय आला. रात्री बाराला जे अकस्मात घडले असे वाटते, त्याची चाहूल चार दिवस आधी घरात वावरत होती. तिच्याकडे पाहण्यास कोणी नव्हते. मालमड्डीच्या जुन्या वाड्यांतून मुले पुण्यास, बंगळूरास आणि त्याहून दूर गेली. मागे सत्तरी ओलांडलेली दोघे आणि गोळ्यांचा डबा राहिला. अशा घरी चाहूल घ्यावी कोणी?

पाश्चात्यांनी हे काम हिशेबाकडे सोपविले. माणसाचे वय, त्याचे जुने आजार, चालू औषधांची संख्या, मागील वर्षी तो कितीदा दाखल झाला होता, ह्या सर्वांना कमी-अधिक वजन देऊन एक आकडा काढावयाचा आणि आकडा मोठा असलेल्यांकडे परिचारिकेने आधी जावयाचे. कल्पना सरळ आहे. इंग्लंडात प्रथम त्याहूनही सोपी युक्ती वापरून पाहिली : पासष्टीच्या वरचे जे लोक वर्षात दोनदा किंवा अधिक वेळा तातडीने दाखल झाले, त्यांनाच धोक्याचे मानावे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ह्या युक्तीतील गोम उघड केली. ज्या वर्षी ही मंडळी निवडली, त्या वर्षी वृद्धांच्या तातडीच्या दाखल्यांपैकी ३८ टक्के दाखले त्यांचे होते. पुढल्याच वर्षी त्यांचा वाटा १० टक्क्यांच्या आत आला, आणि पाच वर्षांनी जेमतेम ३ टक्के राहिला. काही मृत्यू पावले, पुष्कळसे आपोआप सावरले.

शाळेत आयुष्य गेलेल्यांना ह्याचे नवल वाटणार नाही. पहिल्या चाचणीत सर्वांत खाली राहिलेली दहा मुले घ्या आणि त्यांना कोणीही काही शिकवू नका. दुसऱ्या चाचणीत त्यांतली बरीच थोडी वर आलेली दिसतील. एखाद्याला त्या दिवशी ताप होता, एखाद्याच्या घरी लग्न होते. मास्तर मात्र म्हणतात, आमच्या जादा तासाचा गुण! ज्यांचा वाईट काळ आधीच सरत आला आहे त्यांनाच निवडायचे आणि ते सावरले म्हणून पाठ थोपटून घ्यायची, ही चूक शाळाखात्यात जितकी रूढ तितकीच आरोग्यखात्यात.

पुढे हिशेब अधिक बारकाईचा झाला. वेल्समध्ये स्वान्सीच्या परिसरातील ३२ दवाखान्यांना असा आकडा काढून देणारी संगणकव्यवस्था २०१३-१४ साली पाळीपाळीने देण्यात आली. सुमारे २ लाख ३० हजार लोक त्या दवाखान्यांच्या पटावर होते. अपेक्षा अशी की तातडीचे दाखले घटतील. घडले उलटे. दाखले थोडे वाढले, इस्पितळाच्या आपत्कालीन विभागातल्या खेपा वाढल्या, खर्चही वाढला, आणि रुग्णांचे स्पष्ट असे हित काही दिसले नाही. आम्हाला ह्यात एक साधी गोष्ट दिसते. डॉक्टरच्या हाती धोक्याची यादी पडली, परंतु यादीतल्या माणसाकडे जाणारे पाय वाढले नाहीत. धोका कळला आणि उपाय हाताशी नाही, तर भला माणूसही “कशाला जोखीम? पाठवा इस्पितळात” असेच म्हणणार.

अमेरिकेतली कथा ह्याहून बोचणारी आहे. तेथील एक हिशेब आजाराऐवजी खर्चावरून धोका मोजत होता : ज्याच्या उपचारावर अधिक पैसा गेला तो अधिक आजारी. ज्यांच्यावर मुळात कमी पैसा खर्च होतो ते कृष्णवर्णीय रुग्ण ह्या मापाने निरोगी ठरत गेले. २०१९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात ही विसंगती दाखविण्यात आली. जादा मदतीसाठी निवडलेल्यांत कृष्णवर्णीय १७.७ टक्के होते. माप दुरुस्त केल्यास ते ४६.५ टक्के भरले असते. आता हेच आपल्या घरी लावून पाहावे. यजमानांची फाईल जाडजूड असते, कारण त्यांना दर सहा महिन्यांनी तपासून आणले जाते. घरातल्या आजींच्या नावावर शेवटच्या बाळंतपणानंतर कागदाचा चिटोरादेखील नसतो. कागदांवरून धोका मोजणाऱ्या कोणत्याही यंत्राला ही बाई ठणठणीतच दिसेल.

म्हणून जुन्या कागदापासून आरंभ न करता दारापासून आरंभ करणारी पद्धत आम्हाला अधिक मोलाची वाटते, आणि तिचा उत्तम दाखला आपल्या मराठी मुलुखातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत बेताचे शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांची घरोघर पाहणी करण्यास शिकविले. बाळ दूध ओढीनासे झाले का, रडणे क्षीण झाले का, हातपाय लुळे पडले का, अंग गार लागते का, अशी सात लक्षणे त्यांनी निश्चित केली. त्यांतली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की धोका समजावयाचा. ह्यास यंत्र लागत नाही. मात्र त्या आरोग्यदूतीच्या पिशवीत औषध होते, आणि जेन्टामायसीनचे इंजेक्शन देण्याचे शिक्षण तिला दिलेले होते. भाकीत आणि उपाय एकाच हातात होते. तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी उतरले. ‘लॅन्सेट’ने हा वृत्तांत १९९९ साली छापला. २०११ पासून भारत सरकारने नवजात बालकांसाठी आशा कार्यकर्तीच्या घरभेटी देशभर सुरू केल्या, त्या ह्याच वाटेने.

हीच आशा कार्यकर्ती मोठ्या माणसांसाठीही एक तक्ता घेऊन आपल्या दारी येते. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा तो भरावयाचा असतो. वय वाढेल तसे गुण वाढतात. रोजच्या तंबाखूला दोन गुण. पुरुषाची कंबर शंभर सेंटिमीटरांच्या आणि स्त्रीची नव्वदाच्या वर गेली की दोन. आईवडील वा भावंडांत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असला तर आणखी दोन. बेरीज चाराच्या वर गेली की तपासणीला आधी पाठवावयाचे. (परीक्षेत अधिक गुण मिळून दुःख व्हावे, असा हा एकमेव प्रसंग असावा.) चूल लाकडाची की गॅसची, हेही त्यात विचारतात, कारण धूर फुप्फुसांत साठतो. हा तक्ता आजींच्या फाईलची वाट पाहत नाही, आजींनाच विचारतो.

येथे आपल्या घरांची एक अडचण सांगितली पाहिजे. आशा बाई कन्नडमधून विचारतात. पिढ्यान् पिढ्या इकडे राहिलेल्या आपल्या लोकांना कन्नड उत्तम येते. बाजारहाट, कचेरी, शेजार सारे त्या भाषेत चालते. दुखणे मात्र मराठीत दुखते. ‘कसेसेच होते’, ‘जीव घाबराघुबरा होतो’, ‘छातीत भरून येते’ ह्यांचा कन्नड प्रतिशब्द आजींना ऐनवेळी सुचत नाही, मग त्या “आराम इद्दीनि” म्हणून मोकळ्या होतात आणि तक्त्यावर शून्य पडते. अशा वेळी घरातल्या कोणी जवळ उभे राहून उत्तर पुरे करावे. त्यात आगाऊपणा मुळीच नाही.

आशा बाईंना दिसणार नाही असेही घरच्यांना पुष्कळ दिसते. हृदय दुबळे झालेला माणूस एका उशीवरून दोन उशांवर येतो, मग तीन, मग आरामखुर्चीत बसून रात्र काढतो. उशांची ही संख्या कोणत्याही तक्त्यात नसते, पण ती डॉक्टरला अवश्य सांगावी. रोज वापरातली चप्पल संध्याकाळी घट्ट होऊ लागते. अशा रुग्णाचे वजन रोज सकाळी करावे, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढले तर ते बाळसे समजू नये; अंगात पाणी साठत असते, त्याच दिवशी डॉक्टरला कळवावे. मधुमेही आजोबा जेवण टाळून नेमाने गोळी मात्र घेत असतील, तर तेही लगेच विचारून घ्यावे. पेन्शन येण्याच्या आधीच्या आठवड्यात गोळ्या अर्ध्या तोडून पुरविल्या जातात, हे कित्येक घरांतले उघड गुपित आहे. आणि इस्पितळातून घरी आणल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. नेमक्या तेव्हाच मुले रजा संपून परत जातात. ती रजा शक्य तर दोन तुकड्यांत घ्यावी, आणि दुसरा तुकडा डिस्चार्जनंतरसाठी राखावा.

कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २००८ पासून धावते आहे. ती बोलावण्याचा प्रसंग आलाच, तर दाराच्या मागे एक कागद चिकटविलेला असू द्या. त्यावर आजारांची नावे, चालू औषधे व त्यांचे प्रमाण, कोणते औषध सोसत नाही ते, शेवटचा डिस्चार्ज केव्हा आणि कोठून झाला, आणि मुलाचा व शेजाऱ्याचा फोन क्रमांक लिहावा. औषधांची नावे इंग्रजीत असोत, बाकीचा मजकूर मराठीबरोबर कन्नडमध्येही लिहावा. रात्री दोन वाजता तो कागद वाचणारा मुलगा बहुधा नवलगुंद किंवा कलघटगीचा असेल.